गच्चीवरचा टॉवर, खालचा जनरेटर

अकरावीच्या भौतिकशास्त्रात विद्युतचुंबकीय लहरींचा धडा येतो तेव्हा वर्ग बहुतेक पेंगत असतो. दुपारची वेळ, पंख्याची घरघर, फळ्यावर तरंगलांबी आणि वारंवारतेची समीकरणं. मग मागच्या बाकावरून एक हात वर येतो. "मॅडम, मोबाइल उशाशी ठेवून झोपलं तर कॅन्सर होतो का?" आणि सगळा वर्ग ताठ बसतो. हा प्रश्न दरवर्षी येतो, विचारणारं पोर तेवढं बदलतं. कुणाच्या आईने रात्री वायफाय बंद करायचा नियम केलेला असतो, कुणाच्या मामाच्या बिल्डिंगवर टॉवर आलेला असतो, कुणी मोठ्या भावाचं ऐकून ब्लूटूथचे इअरफोन कपाटात टाकलेले असतात. त्या दिवशी मी समीकरणं बाजूला ठेवते. मुलं भीतीपोटी विचारतात आणि त्यांना खरं उत्तर मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

उत्तराची सुरुवात एक्स-रेपासून करावी लागते. एक्स-रेच्या किंवा गॅमा किरणांच्या एकेका कणात इतकी ऊर्जा असते की, तो शरीरातल्या रेणूतला इलेक्ट्रॉन उडवून लावतो. पेशीतल्या डीएनएची साखळी त्याने तुटू शकते, चुकीची जोडली जाऊ शकते आणि त्यातून पुढे कर्करोग उद्भवू शकतो. मोबाइल, वायफाय, ब्लूटूथ यांच्या लहरी त्याच कुटुंबातल्या, पण पार दुसऱ्या टोकाच्या. वायफायच्या लहरीच्या एका कणातली ऊर्जा साध्या लाल दिव्याच्या प्रकाशकणापेक्षा सुमारे लाखपटीने कमी असते. आणि लाल दिवासुद्धा डीएनए तोडत नाही. मग मुलं विचारतात की एक कण दुबळा असला तरी कोट्यवधी कण आले तर? त्यावर मी नारळाचं उदाहरण देते. माडाखाली हजार माणसं उभी राहून वर फुंकर मारत बसली, तरी नारळ खाली येत नाही. त्याला एकच नेमका घाव लागतो.

हजार फुंकरांनी वारा मात्र सुटतो, तसा या लहरींनी थोडी उष्णता निर्माण होते. हा त्यांचा सिद्ध झालेला परिणाम आणि सगळ्या सुरक्षा मर्यादा त्यावरच बेतलेल्या आहेत. मायक्रोवेव्ह ओव्हन आणि घरातला राउटर जवळपास एकाच वारंवारतेवर चालतात हे ऐकून मुलं दचकतात. पण ओव्हन बंद धातूच्या पेटीत सात-आठशे वॉट कोंडून अन्न तापवतो. राउटर साधारण एक दशांश वॉट चारी दिशांना उधळून देतो आणि तुम्ही जितके लांब, तितकं ते झपाट्याने विरत जातं. दुप्पट अंतरावर चौथा हिस्सा. हँडसेटच्या लहरींतून शरीरात किती ऊर्जा मुरावी, यावर भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून मर्यादा आहे ती शरीराच्या कुठल्याही एका ग्रॅम ऊतीवर सरासरी १.६ वॉट प्रतिकिलो. बहुतेक फोनवर *#०७# डायल केलं की आपल्या फोनचा आकडा दिसतो. त्या तासाला सगळा वर्ग तेच करत बसतो आणि मी करू देते.

मग एखादा वाचणारा मुलगा म्हणतो, पण जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलंय ना की मोबाइलने कॅन्सर होऊ शकतो?

सांगितलंय, आणि ते नीट समजून घ्यायला हवं. संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समधल्या ल्याँ शहरात आहे. मे २०११ मध्ये तिने रेडिओ लहरींना '२ ब' गटात टाकलं. त्या गटाचा अर्थ असा की पुरावा तोकडा आहे, पण शंका पूर्ण निकालात काढता येत नाही. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. हे गट धोका किती मोठा हे सांगत नाहीत, पुरावा किती पक्का हे सांगतात. आणि ज्याचा पुरावा पक्का आहे, त्या पहिल्या गटात काय काय आहे हे वाचताना माझ्या पोटात दरवेळी गोळा येतो. तंबाखू आहेच. सुपारी आहे, नुसती सुपारी, तंबाखूशिवायची. दारू आहे. २०१२ पासून डिझेलचा धूर आहे आणि २०१३ पासून बाहेरची प्रदूषित हवा. ज्या घरात मुलाच्या उशाजवळचा फोन उचलून लांब ठेवतात, त्याच घरात जेवण झाल्यावर पानाचं तबक फिरतं आणि मिश्री लावणाऱ्या आजीला कुणी काही बोलत नाही. आपल्या राज्यात तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण ज्यांनी जवळून पाहिलेत, त्यांना हे सांगावं लागत नाही.

२०११ नंतर पुष्कळ पाणी वाहून गेलंय. त्या वेळची शंका बरीचशी २०१० च्या 'इंटरफोन' अभ्यासावर उभी होती. तेरा देशांतल्या मेंदूच्या गाठीच्या रुग्णांना आणि निरोगी माणसांना विचारलं गेलं की तुम्ही फोनवर आजवर किती बोललात. सर्वात जास्त बोलणाऱ्या दहा टक्क्यांत, म्हणजे एकूण १६४० तासांच्या वर, ग्लायोमा नावाच्या गाठीचं प्रमाण ४० टक्क्यांनी जास्त निघालं. बाकीच्या गटांत वाढ दिसली नाही, उलट किंचित घटच दिसली. अडचण अशी की गाठ झालेला माणूस कारण शोधत मागचं आठवत असतो, आणि काहींनी सांगितलेले रोजचे तास पटण्यासारखे नव्हते. पुढे युरोपातल्या पाच देशांत अडीच लाखांहून अधिक लोकांना आधीच, निरोगी असताना, अभ्यासात घेतलं आणि वर्षानुवर्षं त्यांचा माग ठेवला. २०२४ मध्ये त्याचा निष्कर्ष आला. जास्त बोलणाऱ्यांत गाठी जास्त नाहीत. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेला मोठा आढावा आला. २२ देशांतले ६३ अभ्यास त्यात तपासले होते. मेंदूच्या कर्करोगाशी मोबाइलचा संबंध त्यात आढळला नाही, दहा वर्षांहून जास्त वापरणाऱ्यांतही नाही.

मला स्वतःला यापेक्षाही मोठा पुरावा वाटतो तो साधा आहे. भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला. आज शंभर कोटींहून अधिक जोडण्या आहेत. जगभर हेच घडलं, एका पिढीच्या आत शून्यापासून जवळपास प्रत्येक हातापर्यंत. डेन्मार्क, स्वीडनसारख्या देशांत कर्करोगाच्या नोंदी दशकानुदशकं काटेकोर ठेवल्या जातात, आणि तिथे मोबाइलसोबत मेंदूच्या गाठींचा आलेख चढलेला नाही. एवढी माणसं एवढी वर्षं फोन कानाला लावत आलीत, तर त्याची खूण कुठेतरी उमटायला हवी होती.

न जुळणारी गोष्टही सांगायला हवी. अमेरिकेच्या सरकारी विषशास्त्र कार्यक्रमाने २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांचे अहवाल दिले. नर उंदरांच्या हृदयात एका दुर्मीळ प्रकारच्या गाठी जास्त दिसल्या. हे उंदीर दिवसाला नऊ तास, दोन वर्षं, सगळ्या अंगावर लहरी घेत होते, तेही माणसाच्या मर्यादेच्या कितीतरी वर. आणि लहरी घेतलेले नर उंदीर न घेतलेल्यांपेक्षा जास्त जगले. या निकालाचं नेमकं काय करायचं यावर शास्त्रज्ञ भांडतात, भांडू देत. लहान वयापासून पन्नास-साठ वर्षं फोन वापरलेली माणसं अजून जगात नाहीत, तेव्हा नजर ठेवायलाच हवी. मी लांबलचक बोलणं असेल तर इअरफोन लावते आणि मुलांनाही तेच सांगते. यात कष्ट काहीच नाहीत. झोप मात्र उडू देत नाही.

हे सगळं वर्गात सांगणं सोपं आहे. आमच्या मजल्यावरच्या काकूंना सांगणं सोपं नव्हतं.

डोंबिवलीतली आमची सोसायटी जुनी, चार मजल्यांची. सिंकिंग फंड नावालाच होता, गच्ची दर पावसाळ्यात गळायची. अशात टॉवरवाल्यांचा प्रस्ताव आला, दरमहा भाडं आणि वर डिपॉझिट. काकू तेव्हा कमिटीवर होत्या. विशेष सर्वसाधारण सभेत गणपूर्ती जेमतेम झाली, ठराव मंजूर झाला, ना हरकत पत्रावर चेअरमन आणि सेक्रेटरींबरोबर काकूंनीही सही केली. भाड्यातून गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं. त्यानंतर दोन वर्षांनी काकांना आधी बोलताना शब्द सापडेनासे झाले, मग फिट आली. एमआरआयमध्ये ग्लायोमा निघाला. परळच्या वाऱ्या झाल्या, ऑपरेशन झालं, रेडिएशन घेतलं, आणि वर्षाच्या आत काका गेले.

तेराव्यानंतर काही दिवसांनी काकू आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या. "टॉवर आला नि तीन वर्षांत हे गेले. तू सायन्सवाली ना? खरं सांग मला. माझ्या सहीनंच झालं ना गं हे?"

अडीच लाख लोकांचा अभ्यास त्या क्षणी काय कामाचा, असं कुणाला वाटेल. मला तसं वाटत नाही. तो अभ्यास त्याच क्षणासाठी केलेला असतो. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं की काकू, नाही. ग्लायोमा बहुतेकांना का होतो हे आजही डॉक्टरांना सांगता येत नाही. पूर्वी डोक्यावर घेतलेले जबर एक्स-रे, काही दुर्मीळ आनुवंशिक आजार, एवढीच पक्की कारणं हाताशी आहेत. टॉवर नव्हते तेव्हाही हा आजार होता आणि टॉवर आल्यावर तो वाढलेला नाही. तुमची सही गच्चीसाठी होती, काकांच्या आजाराशी तिचा काही संबंध नाही. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग वर आहे तरी किती ते, कुणी मोजलंय?"

कुणीच मोजलं नव्हतं. सभेत ठरावाची प्रत फिरली होती, भाड्याचा आकडा फिरला होता, लहरींचा आकडा कुणी मागितला नव्हता आणि कुणी दिला नव्हता. वरच्या मजल्यावरच्या चार घरांपैकी दोन घरं सभेला हजरही नव्हती. त्यांच्या डोक्यावरच्या स्लॅबवर काय येणार, हे त्यांना क्रेन आल्यावर कळलं. पुढची कित्येक वर्षं त्या घरातली माणसं प्रत्येक डोकेदुखीला, प्रत्येक न लागलेल्या झोपेला टॉवरच्या खाती टाकत आली, आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी २००५ मध्ये अशा तक्रारींवरचे ३१ प्रयोग एकत्र तपासले होते. लहरी चालू आहेत की बंद हे लपवून ठेवलं, तर त्रास होणाऱ्या माणसांना फरक ओळखता येत नाही, असंच त्यांतल्या बहुतेक प्रयोगांत दिसलं. त्रास मात्र खोटा नसतो. डोकं खरंच दुखतं. आपल्याला न विचारता आपल्या डोक्यावर काहीतरी आणून बसवलंय, ही जाणीव माणसाला आजारी पाडायला पुरेशी आहे.

मोजमाप करून घेण्याची सोय मात्र होती. मे २०१७ मध्ये दूरसंचार विभागाने 'तरंग संचार' नावाचं पोर्टल सुरू केलं. त्यावर आपल्या भागातले टॉवर दिसतात आणि चार हजार रुपये भरले की तुमच्या जागेत येऊन मोजून देतात. सोसायटीने पैसे भरायला कुरकुर केली, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या घरांनी आणि आम्ही दोन-तीन घरांनी मिळून भरले.

ते लोक आले त्या सकाळी गच्चीवर अर्धी सोसायटी जमली होती. तिकाटण्यावर एक दांडी, तिच्या टोकाला मुठीएवढा पांढरा गोळा, खाली हातात मावेल असं मीटर. मीटरवर आकडा येतो तो प्रतिमीटर व्होल्टमध्ये. २०१२ साली सरकारने टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली होती. त्या हिशेबाने ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी ती साधारण १३ व्होल्ट प्रतिमीटर येते. गच्चीवर आमचा आकडा एकच्या आसपास घुटमळत होता. ऐकायला तेरावा हिस्सा वाटतो, पण ऊर्जा त्या आकड्याच्या वर्गाने बदलते, म्हणजे मर्यादेच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. तेवढ्यात सेक्रेटरींच्या शर्टाच्या खिशात फोन वाजला. ते गोळ्याशेजारीच उभे होते. मीटरचा आकडा टुणकन वर गेला, चार, पाच, सहा, आणि ते चार पावलं लांब गेल्यावर पुन्हा खाली आला. मोजणाऱ्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, "फोन जरा लांब ठेवा, तो टॉवरला झाकून टाकतोय."

मग मंडळी खालच्या घरात गेली, टॉवरच्या बरोबर खाली असलेल्या बेडरूममध्ये. तिथे आकडा गच्चीपेक्षाही कमी निघाला. अँटेना समोर आणि किंचित खाली, दूरवर फेकतात, पायाशी नाही. शिवाय मध्ये काँक्रीटचा स्लॅब. त्या घरातल्या आजी सहा वर्षं दुसऱ्या खोलीत झोपत होत्या. त्यांनी साहेबांना आकडा दोनदा वाचायला लावला. काकू दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण कागदाची झेरॉक्स मागून घेतली.

टॉवर जवळ असला की फोनला कमी जोर लावावा लागतो, ही उलटी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. सिग्नल क्षीण असेल तिथे, लिफ्टमध्ये, तळघरात, पारसिकच्या बोगद्यात, घाटात, फोन आपली ताकद शेकडो पटींनी वाढवू शकतो. टॉवरविरुद्ध सह्या गोळा करून तो हटवला, तर कानाजवळच्या लहरी वाढतील. शेवटी शरीराला जास्त मिळतं ते हातातल्या फोनकडूनच, आणि तेही मर्यादेच्या आत.

माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. तिथे रेंजची जागा ठरलेली असते. सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर, काजूच्या एका झाडापाशी दोन काड्या येतात, घराच्या मागल्या दारी एक. लॉकडाऊनमध्ये कोकणातली मुलं ऑनलाइन वर्गासाठी डोंगर चढून बसली, पावसात प्लास्टिक पांघरून. रात्री कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, कुणाच्या छातीत कळ आली, तर १०८ला फोन लावायला बॅटरी घेऊन कुणीतरी सड्याकडे धावतं. त्या गावात येऊन मी टॉवरच्या लहरींबद्दल बोलले, तर लोक माझ्याकडे बघत राहतील. तिथल्या माणसाचा जीव टॉवर नसल्याने जातो.

भीतीचं दुकानही जोरात आहे. आमच्या स्टेशनबाहेर फोनच्या कव्हरांच्या टपरीवर रेडिएशन शोषणारे स्टिकर मिळतात. नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेने डिसेंबर २०२१ मध्ये फाइव्ह-जीपासून वाचवणारी म्हणून विकली जाणारी दहा उत्पादनं तपासली. लॉकेट, ब्रेसलेट, डोळ्यांवर बांधायची पट्टी. ती स्वतःच किरणोत्सर्गी निघाली. लोकांनी ती गळ्यात घातली होती, लहान मुलांच्या हातात बांधली होती. ज्या किरणांनी डीएनए तुटतो ते किरण, डीएनए न तोडणाऱ्या लहरींच्या भीतीने, माणसांनी विकत घेऊन अंगाला लावले. हे वाचून मला राग आला आणि अजून येतो. २०२१च्या मे महिन्यात दुसऱ्या लाटेत माणसं ऑक्सिजनविना जात असताना, हे सगळं फाइव्ह-जीच्या चाचणीमुळे होतंय अशा क्लिपा आपल्याकडे फिरत होत्या. देशात कुठेही फाइव्ह-जी नेटवर्कची चाचणी सुरूच झालेली नाही, असा खुलासा दूरसंचार विभागाला करावा लागला. फाइव्ह-जी आलं ऑक्टोबर २०२२ मध्ये.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. मोजमाप झालं, कागद नोटीस बोर्डावर लागला, आणि त्याच आठवड्यात एका संध्याकाळी वीज गेली. पार्किंगच्या कोपऱ्यात टॉवरवाल्यांचा जनरेटर आहे, हिरव्या पेटीतला. तो धडधडत सुरू झाला. त्याचं धुराडं कंपाउंडच्या भिंतीला समांतर आहे, माणसाच्या छातीच्या उंचीचं. लहान मुलाच्या डोक्याच्या उंचीचं. तिथेच पोरं लगोरी खेळतात, आणि बरोबर वर तळमजल्यावरच्या बाळंतिणीची खिडकी आहे. तास-दीड तास काळा धूर निघत होता. तो डिझेलचा धूर, पहिल्या गटातला. तो फुप्फुसाचा कर्करोग घडवतो यावर ल्याँच्या संस्थेला २०१२ मध्येच शंका उरली नव्हती. इतकी वर्षं आम्ही सगळे मान वर करून अँटेनाकडे बघत होतो, आणि टॉवरसोबत आलेली खरोखर घातक वस्तू खाली मुलांच्या तोंडासमोर होती. तिच्याबद्दल एक तक्रार कुणी लिहिली नव्हती, कारण जनरेटर सगळ्यांच्या ओळखीचा असतो. लग्नात, गणपतीत, दुकानाबाहेर तो असतोच. ओळखीच्या गोष्टीची भीती वाटत नाही.

मी सेक्रेटरींशी बोलले. करारात जनरेटरची जागा 'सोयीनुसार' एवढंच लिहिलं होतं. कराराचं नूतनीकरण येत्या वार्षिक सभेत आहे. टॉवर राहू दे, असंच माझं मत आहे आणि मी ते सभेत मांडणार आहे. पण ठरावाचा मसुदा या वेळी मी लिहिलाय. जनरेटर हटवून मोठी बॅटरी बसवावी, ते होईपर्यंत धुराडं गच्चीच्या वर न्यावं. दरवर्षी मोजमाप कंपनीच्या खर्चाने व्हावं आणि आकडा बोर्डावर लागावा. वरच्या मजल्यावरच्या चारही घरांची लेखी संमती आधी घ्यावी, आणि भाड्यातला पहिला पैसा त्यांच्या स्लॅबच्या दुरुस्तीला जावा. मसुदा घेऊन काल काकूंकडे गेले होते. त्यांनी चष्मा लावून तो सगळा वाचला, 'सोयीनुसार' हा शब्द कुठे राहिलाय का ते पाहिलं, आणि एका ठिकाणी 'व्हावं'च्या जागी 'बंधनकारक राहील' असं घालायला लावलं. सूचक म्हणून माझं नाव आहे. अनुमोदक म्हणून खाली त्यांनी सही केली.